बत्तीस जणींचा एक बिल्ला

मी एक जुना पितळी बिल्ला आहे. मित्रांनो, आत्मवृत्त सांगायला बसलेल्या वस्तू सहसा आपली थोरवी गातात. मी किती झिजले, किती पिढ्यांची सेवा केली, वगैरे. माझ्याकडे गाण्यासारखी थोरवी नाही. मी अकरा वर्षे बायकांना संडासाला जाण्यापासून अडवले. तेवढेच माझे काम होते आणि ते मी चोख केले. त्याची मला लाज वाटते, आणि ज्यांनी मला त्या कामाला लावले त्यांचा राग येतो. राग जास्त येतो. तेव्हा माझ्याकडून गोडगोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. आणि मैत्रिणींनो, तुम्ही मागे का उभ्या? पुढे येऊन बसा.

माझा जन्म औषधाच्या एका कारखान्यात, मागच्या दुरुस्ती खात्यात झाला. मोडक्या पंपावरची जाड पितळी पट्टी कापून फिटरने माझा तळहाताएवढा गोल काढला. कानशीने कडा घासल्या, वर भोक पाडून त्यात दोरी ओवली, आणि एकेक अक्षर ठोकून माझ्या छातीवर 'परवानगी' असा शब्द उमटवला. साहेबाने त्याला बजावले होते, "चांगला जड कर. हलका असला की बायका विसरून घरी नेतील."

"पण परवानगी कशाची?" फिटरने विचारले. साहेब नुसता हसला. मला वाटले, गळ्यात घालायची वस्तू म्हणजे पदकच असणार. मी फुशारून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी मला पॅकिंग खात्यात सुपरवायझरच्या टेबलामागे खिळ्याला टांगले, आणि तासाभरात माझी फुशारकी उतरली.

खाते म्हणजे एक लांबच लांब खोली. मधून एक रबरी पट्टा सरकत असे आणि त्यावरून खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या येत. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना सोळा-सोळा बायका उभ्या असत. पहिल्या काही जणी बाटली उजेडाला धरून आत कचरा नाही ना ते पाहायच्या, पुढच्या झाकणे बसवायच्या, त्यापुढच्या लेबले लावायच्या आणि शेवटच्या खोक्यात भरायच्या. पट्टा कधी थांबत नसे. एखादीला जायचेच असले, तर तिच्या दोन्ही बाजूंच्या शेजारणी हात लांब करून तिच्या वाटणीच्या बाटल्या उरकत. याला त्या 'सावली धरणे' म्हणत. "जा गं, मी धरते तुझी सावली," असे म्हणायची रीत होती.

आणि बत्तीस जणींमध्ये बिल्ला एकच, म्हणजे मी. मी गळ्यात असेन तरच बाईने जागेवरून हलायचे. चार मिनिटांत परत यायचे. मी खिळ्यावर नसेन तर थांबायचे, मग पोटात कळ येवो की डोळ्यांपुढे अंधारी. शेजारच्या माल चढवणाऱ्या पुरुषांच्या खात्यात बिल्ला नव्हता. ते वाटेल तेव्हा जात, जाता जाता सिगारेट ओढत, गप्पा छाटत परत येत.

आमच्या सुपरवायझरचे नाव बायकांनी 'घड्याळराव' ठेवले होते. मला उचलायला आलेल्या बाईला त्यांच्या टेबलासमोरूनच यावे लागे. मग ते साऱ्या खात्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "पुन्हा? सकाळी एकदा झालं ना तुझं?" बाई मान खाली घालून मला गळ्यात अडकवायची. तिच्या छातीची धडधड मला कळायची. पाळी आलेल्या दिवसांत तर विचारूच नका. मित्रांनो, ही गोष्ट ऐकताना खाली पाहू नका, तुम्ही काही लाजण्यासारखे केलेले नाही. लाजायचे तर ज्यांनी अशा दिवसांतही चार मिनिटे मोजली त्यांनी.

बायकांनी काय करावे? त्यांनी पाणी पिणेच सोडले. सकाळी निघताना घोटभर, ते थेट संध्याकाळी घरी गेल्यावर. खात्यातल्या पाण्याच्या पिंपावर कोळ्याने जाळे विणले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला होता, आणि वाईट याचे वाटते की पुढे त्या मार खाण्याचीच चढाओढ लागली. "मी महिनाभर बिल्ल्याला हात लावला नाही," एक सांगायची. "मी दोन महिने," दुसरी. जी वारंवार जाई तिला सगळ्या 'गळका नळ' म्हणून चिडवत. साहेबाला काही करावेच लागत नव्हते. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

या चढाओढीत सगळ्यांच्या पुढे होती वकीलबाई. शिक्षण सातवीपर्यंत, पण समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधी हिचे उत्तर तयार, म्हणून हे नाव. झाकणे बसवण्यात तिचा हात धरणारी कुणी नव्हती. सात वर्षांत तिने मला एकदाही गळ्यात घातले नव्हते. कारखान्याने तिला 'आदर्श कामगार' म्हणून एक फुलदाणी दिली, तेव्हा घड्याळराव माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हिला याची गरजच पडत नाही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे जिला मी जीव लावला, त्या बाईचा त्या दिवशी मला संताप आला होता.

तिच्या शेजारच्या जागेवर एक नवी मुलगी लागली. वीस वर्षांची, नुकतीच लग्न झालेली. सगळ्या तिला 'धाकटी' म्हणू लागल्या. काही महिन्यांनी धाकटीला दिवस गेले आणि तिला सारखे जावे लागू लागले. घड्याळराव ओरडायचे ते ओरडायचेच, पण तिची सावली धरून धरून वकीलबाईचे खांदे भरून यायचे. एक दिवस ती वैतागून म्हणाली, "अगं, जरा धरायला शीक. पाणी कमी पी. आम्ही काय पोरं जन्माला घातली नाहीत? माझी दोन झाली याच पट्ट्यावर. कधी बिल्ला मागितला नाही मी."

धाकटीने मान हलवली. मोठ्या बाईचे ऐकावे, असे तिला घरून शिकवलेले. ती धरायला शिकली. पाचव्या महिन्यात एका दुपारी ती तापाने फणफणत झाकणे बसवत होती. तिने मला मागितले, पण मी तेव्हा दुसऱ्या कुणाच्या गळ्यात होतो. "आली की जा," घड्याळराव म्हणाले. ती येण्याआधी धाकटी पट्ट्याखाली कोसळली. तिच्या वाटणीच्या बाटल्या झाकणांवाचून पुढे जात राहिल्या.

लघवी तुंबवून तुंबवून आत जंतू झाले होते आणि ते मूत्रपिंडापर्यंत पोहोचले होते. धाकटी वाचली. पोटातले बाळ वाचले नाही. हे मला वकीलबाईकडून कळले. पुढे शेकडो सभांत तिने ही हकिकत सांगितली, आणि "तिला धरायला मीच शिकवलं होतं" हे वाक्य तिने एकदाही गाळले नाही.

दुसऱ्या दिवशी घड्याळराव म्हणाले, "अशा नाजूक पोरींनी कामावर यावंच कशाला?" त्या दिवशी वकीलबाईकडे उत्तर तयार नव्हते. तयार व्हायला चार दिवस लागले.

कारखान्यात कामगार संघटना होती. तिचे अध्यक्ष माल चढवणाऱ्या खात्यातले, आवाज असा की कारखान्याच्या भोंग्याने लाजावे. बायकाही संघटनेच्या सभासद होत्या, पण सभेत खुर्च्या मांडण्यापुरत्या. वकीलबाईने अध्यक्षांना घड्याळरावांच्या टेबलापाशीच गाठले, म्हणून ते बोलणे मला शब्दन् शब्द ऐकता आले.

"बाई, आधी पगारवाढ. संडास-बिंडास मागाहून बघू," अध्यक्ष म्हणाले.

"मागाहून म्हणजे कधी? धाकटीचं पोर येणार आहे का मागाहून?"

"अहो, पण संडासावरून लढा? लोक हसतील आपल्याला."

"हसू देत. हवं तेव्हा जाता येतं, त्यांना हसायला काय जातंय?"

"तुम्हाला यातलं राजकारण कळत नाही, वहिनी."

"मी तुमची वहिनी नाही. सभासद आहे."

सोमवारी सकाळी ते पिंप घासूनपुसून भरलेले होते. वकीलबाई हातात पेला घेऊन पट्ट्याच्या एका टोकापासून निघाली. "पी. आणखी एक पी." धाकटी सोडून एकतीसही जणी दोन-दोन पेले प्यायल्या. मग ती म्हणाली, "आजपासून बिल्ला मागायची लाज नाही. जिला जायचंय तिनं जायचं. आणि कुणी कुणाची सावली धरायची नाही."

खोके भरणारी एक म्हातारी घाबरली. "सावली नाही धरायची? अगं, बाटल्या पडतील की!"

"पडू देत. बाई पडली तेव्हा पट्टा कुणी थांबवला होता का?"

तासाभरात माझ्यासमोर रांग लागली. मी या गळ्यातून त्या गळ्यात, मला खिळ्यावर टेकायला सवड नाही. प्रत्येक बाई मला घालून जाई, चार मिनिटांत परत येई आणि दुसरीला देई. नियम तंतोतंत पाळला जात होता. फक्त जी गेली तिची जागा रिकामी राहत होती. कधी झाकणे राहिली, कधी लेबले, आणि खोकेवाली गेली की बाटल्या टोकावरून धडाधड खाली. लाल, चिकट औषध फरशीभर पसरले. घड्याळरावांचे बूट त्यात चिकटले आणि ते एकेक पाय सोडवत ओरडू लागले. मला आयुष्यात पहिल्यांदा हसू आले.

अध्यक्ष धावत आले. "संप करायचा तर मला विचारायचं नाही?"

"संप कुठं केलाय?" वकीलबाई म्हणाली. "आम्ही पाणी प्यायलोय."

हे आठ दिवस चालले. साहेबाने पिंप उचलून नेले, तर बायका घरून पाणी आणू लागल्या. दारात झडती घेऊन पाणी काढून घेतले, तर त्या पहारेकऱ्यासमोर उभ्या राहून तिथेच प्यायच्या आणि मग आत यायच्या. पहिल्या दिवशी खिदळणाऱ्या पुरुषांना चौथ्या दिवसापासून चढवायला खोकीच उरली नाहीत. तेव्हा कुठे साहेबाने बोलणी करायला बोलावले.

आत साहेब, घड्याळराव, अध्यक्ष आणि त्यांचे दोन साथीदार बसले. वकीलबाईला सांगितले, "तुम्ही बाहेर थांबा." त्या पाचांपैकी एकानेही मला कधी गळ्यात घातलेले नव्हते. दोन तासांनी अध्यक्ष हात उंचावत बाहेर आले. बिल्ला रद्द. नवे चार संडास. पट्ट्यावर दोन बायका जादा, म्हणजे कुणी गेली तर तिची जागा त्या घेतील. सगळे मान्य झाले होते. साहेबाची अट एकच होती, वकीलबाईला कामावरून काढायचे. ती अध्यक्षांनी मान्य केली होती.

"एकीच्या नोकरीत बत्तीस जणींचं भलं झालं," ते तिला म्हणाले. "तुम्हीच विचार करा." गरज सरो, वैद्य मरो. बायकांनी दोन दिवस आरडाओरडा केला, मग पट्टा सुरू झाला. घरी चुली पेटायच्या होत्या, मी त्यांना दोष देत नाही. खोटे कशाला बोलू, थोडा देतो.

शेवटच्या दिवशी तिने मला गळ्यात घातले आणि थेट फाटकाकडे निघाली. पहारेकरी म्हणाला, "बाई, बिल्ला ठेवून जा. कारखान्याची वस्तू आहे."

"माझं अजून झालेलं नाही," ती म्हणाली, आणि मला घेऊन बाहेर पडली.

घरी नवरा तणतणत बसला होता. तोही त्याच कारखान्यात माल चढवायचा. "बायको जगासमोर संडासावर बोलते! मला कुठं तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

त्याची आई खाली बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "तुझ्या वेळेला मी सूतगिरणीत होते. नववा महिना. मुकादमानं सोडलं नाही मला. उभ्या उभ्या कपडे भिजले माझे, सगळ्या खात्यासमोर. इतकी वर्षं झाली, तुझ्या बापालाही सांगितलं नाही. तुला तोंड दाखवायला जागा नाही म्हणतोस? ये, माझ्याशेजारी बस. इथं पुष्कळ आहे."

दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा नवरा करू लागला. तो एका रात्रीत शहाणा झाला असे समजू नका, चहा फार पातळ करायचा. पण घरात तिच्या बाजूने एक माणूस उभे राहिले होते, आणि ती तिची सासू होती. पहिल्या मोर्चात म्हातारी सर्वांत पुढे चालली.

वकीलबाईने सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली घेतली आणि बायकांची वेगळी संघटना काढली. धाकटी तिची पहिली सभासद. मग आल्या शिवणकाम करणाऱ्या, घरोघर धुणीभांडी करणाऱ्या, रस्ते झाडणाऱ्या, दवाखान्यातल्या आया. कुणाचा मुकादम अंगचटीला यायचा, कुणाला बाळंतपणाची रजा मागितली की घरी बसवायचे, कुणाचा नवरा मारायचा. "नवऱ्याच्या मारात संघटनेनं कशाला पडायचं?" असे विचारणारे भेटत. ती म्हणे, "मोडलेल्या हातानं काम होत नाही, म्हणून."

एकदा ती मला घेऊन सरकारी कामगार कचेरीत गेली. मोठे अधिकारी चहा पीत होते. सगळ्या कारखान्यांतल्या बायकांसाठी पुरेसे संडास आणि जायची मोकळीक, अशी तिची मागणी होती. अधिकारी म्हणाले, "यात एवढं काय आहे, बाई? थोडी शिस्त लागतेच."

"बरोबर आहे," ती म्हणाली. "मग ही बैठक संपेपर्यंत हा तुमच्या गळ्यात असू द्या. उठायचं झालं तर मला विचारायचं." अधिकाऱ्यांना गंमत वाटली. त्यांनी मला हसत हसत घातले. तिने त्यांना दुसरा चहा पाजला, मग तिसरा, आणि एकेक कारखान्याची कैफियत सावकाश वाचू लागली. दीड तासाने ते खुर्चीत चुळबुळू लागले.

"मी जरा जाऊन आलो."

"पुन्हा? सकाळी एकदा झालं असेल ना?"

खोलीतल्या बायका हसल्या. अधिकारी हसले नाहीत. त्यांचे कान तांबडे झालेले मी जवळून पाहिले. त्या वर्षी नियम निघाला. तो कागदावर निघाला, आणि कारखान्याकारखान्यात तो पाळायला लावण्यात तिची उरलेली वीस वर्षे गेली.

मग ती गेली. तिच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. ती सात वर्षे नुसती कौतुकाची नव्हती, मित्रांनो. मला तिच्या लेकीने कपाटाच्या खणात ठेवले, आणि तिथे मी बरीच वर्षे काळवंडत पडलो. पुढे जुन्या संघटनेने नवी चार मजली इमारत बांधली. तिथे लढ्याच्या आठवणींचे दालन करायचे म्हणून लोक मला मागायला आले, आणि लेकीने भाबडेपणाने देऊन टाकले.

आता मी काचेच्या पेटीत मखमलीवर असतो. वर दिवा आहे. मला दर आठवड्याला पुसतात. शेजारच्या पाटीवर लिहिले आहे: 'माननीय अध्यक्षांच्या नेतृत्वाखाली संघटनेने जिंकलेल्या ऐतिहासिक लढ्याची खूण.' वकीलबाईचे नाव नाही. धाकटीचे नाही. आयत्या बिळावर नागोबा मी ऐकला होता. या बिळाला तर त्याने स्वतःच्या नावाची पाटी लावली. मला तोंड असते तर ती काच मी आतून फोडली असती.

गेल्या आठवड्यात एका शाळेची मुले दालन पाहायला आली होती. दुपारचे तीन वाजले असतील. सगळी पुढे गेली, एक मुलगी माझ्यासमोर पायावर पाय घट्ट दाबून उभी राहिली. तिच्या खांद्याला पाण्याची बाटली होती, काठोकाठ भरलेली. मला पुसणाऱ्या मावशी तिथेच होत्या.

"बाटली भरलेलीच गं तुझी?" मावशींनी विचारले. "सकाळपासून प्यायली नाहीस?"

"पाणी प्यायलं की जावं लागतं."

"मग जावं."

"शाळेत दाराला आतून कडी नाही. बाहेर मैत्रीण धरून उभी राहिली तरच जाता येतं. ती आज आली नाही. मुलं दार ढकलतात."

"बाईंना सांगितलंस?"

"सांगितलं. त्या म्हणाल्या, शहाण्या मुलींना धरता येतं."

मावशींनी फडके खाली टाकले. तिचा हात धरून त्या कोपऱ्यातल्या दाराकडे निघाल्या. दारावर 'फक्त पदाधिकाऱ्यांसाठी' अशी चिठ्ठी होती. टेबलावरचा कारकून ओरडला, "मावशी, ते कुणासाठी आहे माहीत आहे ना?"

"रोज मी धुते," मावशी म्हणाल्या. "मला नका सांगू." त्यांनी दार उघडले, मुलीला आत पाठवले, आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. आतून कडी लागल्याचा आवाज मला काचेतूनही ऐकू आला.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मला जपू नका. माझ्यावरची धूळ पुसायला येऊ नका. तुमच्या वर्गात भरलेली बाटली भरलेलीच घरी नेणाऱ्या किती मुली आहेत ते उद्या पाहा, आणि त्यांच्या दाराला कडी आहे का ते पाहा. नसेल, आणि मोठी माणसे 'मागाहून बघू' म्हणाली, तर इथे या. माझी काच फोडा आणि मला वितळवा. मी बराच जड आहे. माझ्या पितळात एक कडी सहज होईल.